बुधायचं पायताण

फार फार वर्षांपूर्वी, होड्यांना इंजिनं नव्हती आणि वारा पडला की माणसं वल्ही मारमारून खांदे सोलून घ्यायची, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या माडवेळ गावात ती सगळ्यांना येते आणि सगळे ती गोड करून सांगतात. मी गोड करून सांगणार नाही. ज्यांना गोड हवी असेल त्यांनी आत्ताच उठावं आणि पलीकडच्या आळीत जावं. तिथं नारळाच्या वडीसारखी गोष्ट सांगणारे पुष्कळ आहेत.

माडवेळ म्हणजे खाडीच्या तोंडावरचं कोळ्यांचं गाव. एका अंगाला वाळू, दुसऱ्या अंगाला काळ्या खडकांचे खडप, आणि मधून दर्यात जायची वाट. किनाऱ्यावर उंडीचं एक झाड होतं. होडीवर जाणारा प्रत्येक माणूस त्या झाडाखाली वहाणा काढायचा आणि तिथून पुढं अनवाणी जायचा. होडी म्हणजे आई. आईच्या अंगावर वहाण घालून कोण चढेल, असं म्हणायचे. आजही म्हणतात.

आता खरं सांगायचं तर हा नियम ज्यानं केला त्याला अक्कल होती. चामड्याची वहाण ओल्या फळीवर घसरते आणि माणूस सरळ पाण्यात जातो. म्हणून कुणा शहाण्यानं सांगून ठेवलं असेल, बाबांनो, होडीवर चामडं नको. माणसाचा जीव वाचावा म्हणून त्यानं ते सांगितलं. पुढं कारण लोक विसरले आणि नियम तेवढा उरला. आणि कारण हरवलेल्या नियमाला एकदा देव चिकटवला की मग त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही.

तुम्ही शिंगाळा मासा पाहिला असेल, पण तो ताटात. ताटातला शिंगाळा गरीब असतो. होडीतल्या शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे उभे असतात, करवतीसारखे दातेरी. मासा मेला तरी काटा मरत नाही. तो पायात घुसला की आत जाताना एकदा फाडतो आणि उपसताना दुसऱ्यांदा फाडतो. धट्टाकट्टा गडी लहान पोरासारखा रडतो. नशीब थोर असेल तर आठ दिवसांत बरा होतो, नसेल तर पाय काळा पडतो.

डोल म्हणजे दर्यात खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं लांबलचक जाळं. ते ओढून होडीत रिकामं केलं की त्या ढिगात शिंगाळे असायचेच, आणि खलाशी त्याच ढिगात घोट्याएवढे उभे असायचे. होडीचा मालक आणि मुख्य तो तांडेल. तो मागच्या उंच फळीवर सुकाणू धरून उभा. तिथवर मासळी येत नाही. म्हणजे पाय सगळ्यांचे अनवाणी, पण काटे फक्त खलाशांना. आईच्या घरी असलं डावं-उजवं मी दुसरीकडे कुठं ऐकलं नाही.

आणि याहून वाईट गोष्ट पुढंच आहे. गावात असं मानायचे की होडी आई आहे, ती उगाच कुणाला टोचणार नाही. ज्यानं काही पाप केलं असेल त्यालाच काटा लागतो. त्यामुळे कुणाला काटा लागला की पहिला प्रश्न यायचा, काय केलंस रे? मग त्यानं होडीवरून उतरायचं, कोंबडं द्यायचं, पंधरा दिवस घरी बसायचं आणि आल्यागेल्याच्या नजरा झेलायच्या. म्हणून खलाशी काय करायचे? काटा लागला तरी बोलायचे नाहीत. ओठ चावून उभे राहायचे, मासळी उपसायचे, घरी येताना लंगडणार नाहीत अशी काळजी घ्यायचे. जखम लपवायची हे आमच्या गावाचं शहाणपण. मला आजही हे सांगताना संताप येतो, आणि तो आवरायची मला काही गरज वाटत नाही.

त्या काळी गावात बुधाय नावाची बाई होती. बुधवारी जन्मली म्हणून बुधी, आणि पुढं वय झाल्यावर सगळ्यांची बुधाय. ती कालवं काढायची. ओहोटीला खडप उघडे पडले की बायका कोयत्या आणि टोपल्या घेऊन जातात आणि दगडाला चिकटलेली कालवं फोडून आतला गर काढतात. त्या खडपांवर कालवांच्या शिंपांची अशी धार असते की अनवाणी पाय ठेवला तर सोलूनच निघावा. म्हणून माडवेळच्या बायका पायाला पायताण बांधायच्या. काथ्याची जुनी दोरी गोल गोल फिरवून दोन बोटं जाड तळ शिवायचा आणि वरून सणाच्या सुतळीनं घोट्याला आवळायचा. काथ्या ओला झाला की दगडाला धरतो, घसरत नाही. आमच्या आज्या-पणज्या हे पायताण कधीपासून घालत होत्या ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. बायकांची गोष्ट होती, त्यामुळे पुरुषांनी कधी तिकडं पाहिलंच नव्हतं.

बुधायचा नवरा धाया हा जोमा तांडेलाच्या होडीवर खलाशी होता. सरळ माणूस, सापडलेली सुतळीसुद्धा परत करणारा. एके दिवशी त्याच्या टाचेत शिंगाळ्याचा काटा गेला. तो कुणाला बोलला नाही. बायकोलाही नाही. पाच दिवस तसाच होडीवर गेला. सहाव्या दिवशी त्याची दातखीळ बसली, तेव्हा बुधायनं त्याचा पाय उचलून पाहिला. तळवा वांग्याच्या रंगाचा झाला होता. नवव्या दिवशी तो गेला.

आणि मर्तिकाला आलेल्या माणसांनी काय केलं? कोपऱ्यात बसून, आवाज खाली करून, धायानं असं काय पाप केलं असेल यावर बोलले. घरात प्रेत होतं आणि हे त्याचं पाप शोधत होते.

बुधायला एकच मुलगा, हाशा. तोवर तो चांगला पंचविशीचा झाला होता, लग्न झालेला, बायकोचं नाव नागू. बाप गेल्यावर त्याच होडीवर बापाच्या जागी तो उभा राहायला लागला. दुसरं काय करणार? कोळ्याच्या पोरानं दर्यावर जायचं नाही तर कुठं जायचं? ज्या दिवशी तो पहिल्यांदा उंडीखाली वहाणा काढून निघाला, त्या दिवशी बुधाय खडपावर गेली नाही. ती ओटीवर बसली आणि काथ्याची दोरी वळायला लागली.

तिनं सात जोड केले. जोमाच्या होडीवर सात खलाशी होते, म्हणून सात. तांडेलाचा केला नाही, कारण त्याला काटा लागायचा प्रश्नच नव्हता. मग ती टोपली डोक्यावर घेऊन किनाऱ्यावर गेली आणि जाळं सांधत बसलेल्या जोमासमोर तिनं ती खाली ठेवली. यात चामडं नाही, हे घसरत नाही, आम्ही बायका यावर जन्मभर खडप तुडवतो, असं तिनं समजावून सांगितलं. जोमा टोपलीकडं पाहतही नव्हता. होडी आई आहे, एवढंच तो म्हणत राहिला. तेव्हा ती म्हणाली,

"दादूस, होरी आय हाय ना आपली? मंग आय बोलंल का पोराला, काट्यावर उगड्या पायान चाल?"

उत्तर नसलं की माणूस पूर्वजांना पुढं करतो. जोमानंही तेच केलं.

"वयनी, माज्या बापानं नाय केला, आज्यानं नाय केला. मी कसा करू?"

पण तो पुरता वाईट नव्हता. त्यानं हो म्हटलं नाही तसं नाहीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी हाशानं पायताण बांधलं. त्याच्याकडं बघून आणखी तिघांनी बांधलं. महिनाभर त्या चौघांपैकी एकाच्याही पायाला काटा लागला नाही. खलाशी आपसांत हसून बोलायला लागले. एकजण तर म्हणाला की आज प्रथमच मासळीकडं बघून काम केलं, रोज पायाकडं बघून करतो.

आणि मग मासळी गेली. ती का जाते, कुठं जाते हे दर्याला ठाऊक. दहा दिवस डोलीत नुसता कचरा आला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली म्हणतात ती अशी. पण गावाला कारण हवं होतं आणि कारण तर चार जणांच्या पायात बांधलेलं समोर दिसत होतं. आई रुसली, असं कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते आजवर कुणी सांगितलं नाही. असल्या गोष्टी नेहमी कुणीतरीच म्हणतं.

अकराव्या दिवशी सकाळी उंडीच्या झाडाखाली गाव जमलं. जोमा तांडेलानं सातही जोड मागवले आणि त्यांची होळी केली. ज्या तिघांचे पाय महिनाभर त्या पायताणांनी राखले होते, त्यांनी आपले जोड आपल्या हातानं आगीत टाकले. हाशानंही टाकला. मला त्याचा राग येतो, पण त्याच्या अंगावर सगळ्या गावाचे डोळे होते, हेही खरं. काथ्या ओला होता, त्यामुळे पेटायला वेळ लागला. धूर सगळा बुधायच्या तोंडावर येत होता. ती हलली नाही, रडली नाही, कुणाला शिव्याही दिल्या नाहीत. असं म्हणतात की तिनं शाप दिला. खोटं आहे. शाप दिला असता तर पुढची गोष्ट सांगायला मी जन्मलोच नसतो, कारण जोमा तांडेल हा माझ्या पणज्याचा पणजा. होय, माझ्याच घरातला. म्हणून तर मला या गोष्टीत हवं ते बोलायचा अधिकार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुधाय पुन्हा ओटीवर बसली आणि तिनं पुन्हा दोरी वळायला घेतली. उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत. तिच्याशी कुणी बोलायचं नाही असं ठरलं होतं. बायका खडपावरून येताना तिच्या ओटीजवळ जुन्या काथ्याची गुंडाळी टाकून जायच्या, एक शब्द न बोलता. बोलायचं नाही असंच ठरलं होतं ना? काथ्या टाकायचा नाही असं काही ठरलं नव्हतं.

नवे सात जोड पुरे झाले त्या दिवशी हस्ताचा पाऊस येणार असं आभाळ सांगत होतं. तरी जोमाची होडी गेली, कारण डोलीवर पक्षी तुटून पडत होते. एवढ्या दिवसांनी मासळी आली होती. असं म्हणतात की त्या दिवशी डोल एवढी जड झाली की सात जणांना ती वर घेता घेता सूर्य डोक्यावरून कलला. आणि होडीत ती सोडली तर आत सगळा शिंगाळा. दुसरा एक मासा नाही. गुडघ्याएवढा शिंगाळा, सगळे काटे वर.

होडीचं शीड तसंच उभं होतं, कारण परत निघायची घाई होती. तेवढ्यात वावटळ आली. वाऱ्यानं शीड भरलं, होडी एका अंगाला कलली आणि सगळी मासळी घसरत तिकडं गेली. जिकडं मासळी, तिकडं भार. कड पाण्याला लागायला लागली. होडी वाचवायची तर दोन कामं करायची होती. डोलकाठीपाशी जाऊन शीड खाली घ्यायचं आणि मासळी दर्यात फेकायची. पण डोलकाठी त्या ढिगाच्या मधोमध, आणि सातही जण काठावर, आडव्या फळ्यांवर, जागा मिळेल तिथं पाय वर घेऊन बसलेले. होडी खडपाकडं वाहत चालली.

हाशा उतरला. दोन पावलं टाकली असतील नसतील, दोन्ही पायांत काटे गेले आणि तो त्याच ढिगात कोसळला. मग दुसरं कुणी उतरलं नाही. मागच्या फळीवर जोमा सुकाणू धरून उभा होता, पण होडी कलताना मासळी तिथंही चढली. त्याच्या घराण्यात पहिल्यांदाच कुणाच्या पायाला शिंगाळा लागला. त्याच्या हातातून सुकाणू सुटलं.

हे सगळं किनाऱ्यावरून दिसत होतं. गाव छाती बडवत होतं, देवाला नवस बोलत होतं. बुधायनं नवस बोलला नाही. ती घरात गेली, सात जोड टोपलीत भरले, आठवा तिच्या पायात होताच. कालवांच्या खडपाला वळसा घालायला तिच्याकडं एक लहानशी होडी होती, दोन माणसं बसली तर तिसऱ्यानं पोहत यावं एवढी. ती तिनं पाण्यात ढकलली.

असं म्हणतात की तिच्यासाठी लाटा दुभंगल्या. असं म्हणतात की वारा तिच्या डोक्यावरून गेला आणि तिच्या पदराचं टोकसुद्धा हललं नाही, आणि खडपावरच्या सगळ्या कालवांनी तोंडं उघडून तिला वाट सांगितली. हे मात्र मी मानतो. कारण त्या वादळात तेवढीशी होडी घेऊन साठीची बाई तिथवर कशी पोचली, याचं दुसरं उत्तर माझ्याकडं नाही.

ती मोठ्या होडीला लागली आणि तिनं एकेक जोड वर फेकला. ज्यांनी तिचे जोड जाळले त्यांनीच ते झेलले, पायाला बांधले आणि खाली उतरले. दोघं डोलकाठीकडं गेले, चौघं मासळी उपसून बाहेर टाकायला लागले. सातवा जोड हाशाचा, पण हाशा ढिगात पडलेला, त्यामुळे तो झेलायला कुणी नव्हतं आणि तो कडेवरून दर्यात गेला. हाशाकडं बघायला कुणाला वेळ नव्हता. सुकाणू मोकळंच फिरत होतं आणि जोमा एका पायावर उभा राहायचा प्रयत्न करत होता. तेव्हा बुधायनं आपल्या पायातलं पायताण सोडलं आणि ते जोमाकडं फेकलं.

इथं सगळे गोष्ट सांगणारे डोळे पुसतात. केवढं मोठं मन, वैऱ्यालाही माफ केलं, असं म्हणतात. मला विचाराल तर तिनं माफबिफ काही केलं नव्हतं. होडी वाचवायची तर सुकाणूवरचा माणूस उभा राहायला हवा, हे तिला समजत होतं, एवढंच. माफी मागणाऱ्याला द्यायची असते. तोवर तिची माफी मागितली होती कुणी?

मग ती अनवाणी मोठ्या होडीवर चढली, ढिगातून चालत पोरापाशी गेली, त्याला काखेत हात घालून उचललं आणि काठावर आणलं. आणि इथं असं म्हणतात की ती चालली तिथं तिथं शिंगाळ्यांनी आपले काटे मिटले, गवत वाऱ्यानं निजावं तसे. देवळातल्या भिंतीवर तसं चित्रसुद्धा काढलंय.

साफ खोटं. माझ्या पणज्याच्या पणजीनं, म्हणजे जोमाच्या बायकोनं, त्या संध्याकाळी बुधायचे पाय धुतले. दोन्ही तळव्यांत मिळून एकवीस काटे होते. ते तिनं आपल्या हातांनी काढले, आणि आपल्या सुनेला सांगून ठेवलं, सुनेनं पुढच्या सुनेला. आमच्या घरात ही एकच गोष्ट सासूकडून सुनेला मिळते. लोकांना काटे मिटलेले का हवे असतात ते मला पक्कं ठाऊक आहे. काटे मिटले तर चमत्कार झाला, आणि चमत्कारात कुणाची चूक नसते.

होडी वाचली. आठही जण वाचले. हाशा जन्मभर थोडा लंगडला, पण जगला, नातवंडं पाहून गेला. बुधायला ताप भरला. सहाव्या दिवशी तिनं जोमाला बोलावून घेतलं. तो आला आणि दारात उभा राहिला. तिचा जबडा आवळत चालला होता, बोलायला फार कष्ट पडत होते. तिनं एकच विचारलं,

"दादूस, आमचे पाय तुमी कदी बगलाव का?"

चाळीस वर्षं जोमा तांडेल होता. चाळीस वर्षं त्याच्यासमोर खलाशांचे पाय होते. तो तिच्या पायथ्याशी बसला, तिच्या पायावरचं फडकं त्यानं बाजूला केलं आणि एकवीस जखमा एकेक करून पाहिल्या. किती वेळ तो तसा बसला होता, याबद्दल निरनिराळं सांगतात. ती गेली तेव्हा तो तिथंच होता.

पुढच्या वर्षी नारळी पुनवेला दर्याला नारळ देऊन झाल्यावर होड्या निघायच्या वेळी जोमा तांडेल वाळूत बसला. गाव बघत होतं. त्यानं पहिल्या खलाशाला समोर बोलावलं, त्याचा पाय आपल्या मांडीवर घेतला, तळवा उलटा करून पाहिला आणि मग काथ्याचं पायताण स्वतःच्या हातानं बांधलं. असे सातही जणांचे. धायाबरोबर काम केलेल्या एका म्हाताऱ्या खलाशाच्या टाचेत जुना, काळा पडलेला काटा निघाला. त्यानं तो बारा वर्षं लपवला होता. असं म्हणतात की जोमा तिथंच सगळ्यांसमोर रडला. रडलाच पाहिजे होता.

त्यानंतर गावानं बुधायचं देऊळ बांधलं. छान. आणि पहिल्याच दिवशी लोकांनी काय केलं असेल? बाहेर वहाणा काढल्या आणि अनवाणी आत गेले. तेव्हा तिची सून नागू दारात आडवी उभी राहिली. तिनं सगळ्यांना मागं वळवलं.

"माज्या सासूच्या दारान पायताण काडाचा नाय," ती म्हणाली.

तेव्हापासून आमच्या त्या एका देवळात पायात काहीतरी घालूनच जायचं. परगावचे पाहुणे हसतात, काही नाकं मुरडतात. अनवाणी आलेल्याला दारातच काथ्याचा जोड मिळतो. आत मूर्ती नाही, नुसता एक दगड आहे. त्यावर फुलं वाहा, माझी हरकत नाही. फक्त तिला देवी म्हणू नका, एवढं माझं ऐका. देवी म्हटलं की तिचं ऐकावं लागत नाही, नारळ फोडला की भागतं.

पण खरी पूजा देवळात होत नाही. ती अजून वाळूतच होते. नारळी पुनवेला मालक खाली बसतो, खलाशी समोर येतो, पाय मांडीवर जातो. त्या दिवशी खलाशी पायाबद्दल, होडीबद्दल, मालकाबद्दल जे बोलेल ते मालकानं ऐकून घ्यायचं आणि उलट बोलायचं नाही. सगळ्यांचे पाय पाहून झाल्याशिवाय माडवेळच्या बंदरातून एकही होडी सुटत नाही, मग ती वल्ह्याची असो नाहीतर सहा सिलिंडरची.

चार वर्षांपूर्वी मोठ्या बंदरावरच्या एका शेठनं आमच्याकडं दोन ट्रॉलर आणले. त्यानं पुनवेला माणूस पाठवला, त्याच्याबरोबर रबरी बुटांची पोती. प्रत्येकाला नवा कोरा जोड, गुडघ्यापर्यंतचा. चांगले बूट होते, मी हात लावून पाहिले. शेठचा निरोप असा होता की पाय राखण्याशी मतलब, बूट तर दिलेत, आता मी वाळूत कशाला बसू?

खलाशांनी भांडण केलं नाही. पोती तशीच ठेवली आणि सगळे पाण्याच्या कडेला ओळीनं पाय पसरून बसले. ओहोटी गेली. भरती येऊन त्यांच्या टाचांना लागली, तरी उठले नाहीत. उन्हं उतरायला लागली तेव्हा शेठची गाडी आली. त्यानं घड्याळ पाहिलं, फोनवर कुणाशी तरी बोलला. मग पँट वर ओढून वाळूत बसला. पहिला पाय मांडीवर घेतला आणि घाईघाईनं त्यात बूट चढवायला लागला.

खलाशानं पाय मागं ओढला.

"पैले बगा, शेठ," तो म्हणाला.

शेठनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. मग पुन्हा हात पुढं केला, तो पाय मांडीवर घेतला आणि तळवा उलटा करून पाहिला.